तिला लक्ष्मी करण्याची घाई

गेली काही वर्षं दिवाळी जवळ आली की एक छायाचित्र मोबाइलवर हमखास येतं. वीतभर उंचीची हस्तिदंती बाई. अंगभर दागिने, वस्त्र जवळजवळ नाहीच, पाठीवर लांब वेणी, पायाशी दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. खाली मजकूर असतो : ‘दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक आपल्या लक्ष्मीची पूजा करत होते, हा घ्या पुरावा.’ मग भांडण सुरू होतं. एका बाजूला अभिमानानं छाती फुगलेली माणसं असतात. दुसऱ्या बाजूची माणसं म्हणतात, ही कसली देवी, ही तर नर्तकी. उगाच प्रत्येक गोष्टीला आपलं नाव चिकटवू नका. तिसरा कोणी येऊन मागणी करतो की आमची लक्ष्मी आम्हाला परत द्या. शंभरेक प्रतिक्रिया होतात. ती बाई जिथं सापडली त्या घराबद्दल मात्र त्यात एक वाक्यही नसतं.

मला या भांडणाचं मनापासून वाईट वाटतं, कारण दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत. वस्तू तेवढी उचलायची, तिच्याभोवतीचं घर पुसून टाकायचं, आणि मग तिनं आपल्या मनातलं बोलावं अशी अपेक्षा करायची. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या रोमन शहराच्या ज्या घरात ती सापडली, तिथं ही बाई देवी म्हणून राहत नव्हती. घराच्या सजावटीतली, बहुधा एखाद्या सामानाला जोडलेली, दुरून आलेली महागडी वस्तू म्हणून राहत होती. यात कमीपणा काहीच नाही. उलट, तिला बळेच देव्हाऱ्यात बसवताना आपण दख्खनच्या इतिहासातली एक खरी आणि फार मोठी गोष्ट हातची घालवतो.

आधी ठाम माहिती आहे ती मांडू. पॉम्पेईच्या मुख्य रस्त्यांपैकी एक म्हणजे व्हिया देल्ल आबोंदान्झा. त्या रस्त्यावरच्या एका घरात १९३८ साली इटालियन पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात ही मूर्ती मिळाली. ते घर आज तिच्याच नावानं ओळखलं जातं : भारतीय मूर्तीचं घर. शेजारचं घर ‘चार शैलींचं घर’ म्हणून प्रसिद्ध आहे, कारण आउगुस्ट माऊ या जर्मन अभ्यासकानं १८८२ साली रोमन भित्तिचित्रांच्या ज्या चार शैली ठरवून दिल्या, त्या चारही त्या एका घराच्या भिंतींवर पाहायला मिळतात. मूर्ती आता नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि शहर राखेखाली गेलं. म्हणजे ती त्याआधी कोरली गेली, प्रवासाला निघाली आणि त्या घरात पोचली, हे नक्की. भारतीय शिल्पाच्या अभ्यासात अशी पक्की सीमारेषा क्वचित मिळते. आपल्याकडच्या सातवाहनकाळातल्या कितीतरी वस्तूंची काळगणना शैलीवरून, लिपीवरून, राजांच्या यादीवरून जुळवत बसावी लागते, आणि त्या यादीवरही एकमत नसतं. हिची एक बाजू ज्वालामुखीनं बंद करून दिली आहे. आणि ही देणगी आपल्याला मूर्तीनं दिलेली नाही, घरानं दिली आहे. तीच मूर्ती एखाद्या लिलावगृहात, सापडल्या जागेच्या नोंदीशिवाय मिळाली असती, तर तिच्या वयावर आजही वाद चालू राहिला असता.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. ते कच्चे नाहीत, म्हणून त्यांना बगल देऊन चालणार नाही.

पहिला मुद्दा असा की तिला लक्ष्मी म्हणणारा पहिला माणूस कोणी अभिमानानं पेटलेला भारतीय नव्हता. ती जमिनीतून काढणाऱ्या मायुरींनीच तिची ओळख लक्ष्मी अशी सांगितली. दुसरा मुद्दा त्याहून जड आहे. त्या काळात ‘श्री’, म्हणजे लक्ष्मी, आणि ‘यक्षी’ यांच्यात आज आपण मानतो तशी भिंत नव्हती. भारहूत आणि सांची इथल्या बौद्ध स्तूपांवर समृद्धीच्या, सुफलतेच्या स्त्रीप्रतिमा एकमेकींच्या इतक्या जवळ उभ्या आहेत की कुणाला काय म्हणावं याचा अभ्यासकांनाही पेच पडतो. मधोमध स्त्री आणि दोन बाजूंना दोन लहान आकृती, ही रचनाही ओळखीची. तेव्हा आजचे बहुतेक अभ्यासक तिला यक्षी म्हणत असले, तरी ‘कोरणाऱ्याच्या मनात श्री असेलच कशी’ असं छातीठोकपणे विचारता येत नाही. असू शकेल. हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

पण कोरणाऱ्याच्या मनात काय होतं हा एक प्रश्न आहे आणि पॉम्पेईच्या घरात तिचं काय होत होतं हा दुसरा. छायाचित्राखालचा दावा दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे : रोमन लोक पूजा करत होते. तिथंच गाडी घसरते.

इथं समोरची बाजू तिचा सगळ्यात चांगला हुकमी पत्ता टाकते. रोमन लोक परक्या देवांना घरात घेत नव्हते का? घेत होते, अगदी आनंदानं. इजिप्तच्या इसिसचं देऊळ पॉम्पेईतच आहे. १७६४ साली ते खणून काढलं गेलं. इसवी सन ६२ च्या भूकंपात पडल्यावर ते पायापासून पुन्हा बांधल्याचा लेख त्याच्या दारावर होता, आणि बांधणाऱ्याचं नाव होतं न्युमेरिअस पोपिडिअस सेल्सिनस, वय वर्षं सहा. त्याचा बाप गुलामीतून सुटलेला माणूस. कायद्यानं त्याला स्वतःला नगरसभेत बसता येत नव्हतं, म्हणून त्यानं पोराच्या नावानं देऊळ बांधलं आणि पोराला नगरसभेत जागा मिळवून दिली. परक्या देवीची भक्ती पॉम्पेईच्या सार्वजनिक जीवनात इतकी मुरलेली होती. मग इसिस चालते, तर लक्ष्मी का चालणार नाही?

चालली असती. पण चालल्याच्या खुणा दिसल्या असत्या. परक्या देवीची पूजा एखाद्या खासगी घरात होत असेल तर ती कशी दिसते, हे पॉम्पेईतच पाहता येतं. ‘सोनेरी क्युपिडांचं घर’ नावाचं एक घर आहे. त्याच्या बागेभोवतीच्या ओवरीत दोन देवघरं आहेत. एक नेहमीचं रोमन, घरच्या रक्षक देवतांचं. दुसरं कोपऱ्यातल्या भिंतीवर रंगवलेलं. त्यात इसिस आहे, सेरापिस आहे, कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस आहे, बाळ हार्पोक्रातेस आहे, पूजेत वाजवायचं सिस्ट्रम आहे. म्हणजे घरमालकानं नेहमीचे देव ठेवले आणि नव्या देवांना वेगळी जागा दिली. देव तिथं आपल्या परिवारासह, वाद्यांसह, भांड्यांसह येतात. एकटी मूर्ती येत नाही, तिच्यामागून सगळा संसार येतो. पॉम्पेईचे सुमारे दोन तृतीयांश भाग उघडे झाले आहेत, शेकडो घरं, शेकडो देवघरं. त्यांत लक्ष्मीसाठी रंगवलेली भिंत, तिचं नाव कोरलेला लेख, तिचं नैवेद्याचं पात्र कुठं आहे?

रोमन घरात देव कुठं राहतात हे समजायला आपल्याला खरं तर परक्या माणसापेक्षा सोपं जावं. जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला पॉम्पेईचं घर पहिल्या फेरीतच उलगडतं. रस्त्यावरून अरुंद बोळातून आत यायचं, मग वर उघडा असलेला चौक, मधे पावसाचं पाणी साठवणारं उथळ कुंड, चौकाच्या कडेनं खोल्या, समोर मालकाची बैठक, त्यामागे खांबांची ओवरी आणि बाग. वेट्टींचं घर घ्या. १८९४ ते १८९६ या काळात ते खणलं गेलं आणि दुरुस्तीसाठी कित्येक वर्षं बंद ठेवल्यावर २०२३ मध्ये पुन्हा खुलं झालं. आउलुस वेट्टिअस कोन्व्हिव्हा आणि आउलुस वेट्टिअस रेस्टिटुटस हे त्याचे मालक, बहुधा दोघंही गुलामीतून सुटून श्रीमंत झालेले. दारातच सुफलतेचा देव प्रियापस, आपलं प्रचंड लिंग तराजूत तोलणारा. दुसऱ्या पारड्यात पैशांची थैली. चौकात दोन तिजोऱ्या, आल्यागेल्याला दिसाव्यात अशा. बैठकीच्या एका खोलीत चाकाला बांधला जात असलेला ग्रीक पुराणकथेतला इक्सिऑन; दुसरीत काळ्या पट्टीवर इवलेसे क्युपिड सोनारकाम करताहेत, अत्तर गाळताहेत, कपडे धुताहेत, दारू विकताहेत. आणि देवघर? ते या झगमगाटात नाही. ते बाजूच्या छोट्या चौकात आहे, जिथं स्वयंपाक आणि नोकरमाणसांचा वावर होता. तिथं घराचा रक्षक पुरुष टोगा डोक्यावर घेऊन उभा, दोन बाजूंना नाचत्या रक्षक देवता, खाली सरपटत येणारा साप. आपल्याला वास्तुपुरुषाची, नागोबाची आठवण होते. आठवण होणं स्वाभाविक आहे. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे, आणि या सगळ्या वादात नेमकी हीच गल्लत होते.

वेट्टींच्या घराकडे नीट पाहिलं की एक गोष्ट ठळक होते. रोमन घरात प्रतिमांचा महापूर होता. अपोलो, व्हीनस, बाकस, लेडा, हर्क्युलिस, जिथं नजर जाईल तिथं देव. त्यातले पूजेचे किती? फार थोडे. बाकीचे पाहुण्याचे डोळे दिपवण्यासाठी, मालकाचं वाचन आणि वजन दाखवण्यासाठी, कधी नुसत्या आनंदासाठी. देवाचं चित्र भिंतीवर असणं आणि देव घरात असणं या रोमन माणसाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. भारतीय मूर्तीच्या घराच्या पुढच्याच वाड्यांच्या गटात ‘फळबागेचं घर’ आहे. त्याच्या खोल्यांच्या भिंतींवर बाग रंगवली आहे : लिंबाचं झाड, अंजीर, अंजिराच्या बुंध्याला वेटोळे घालून चढणारा साप, आणि झाडांमधून डोकावणारे इजिप्शियन पुतळे, आपिस नावाचा पवित्र बैलसुद्धा. घरमालक इजिप्तचा भक्त होता की नाईलच्या नव्या फॅशनचा शौकीन, यावर अभ्यासक अजून भांडतात. भिंतीभर इजिप्शियन देव असूनही जिथं निकाल देता येत नाही, तिथं एका वीतभर मूर्तीवरून आपण अख्ख्या रोमचं लक्ष्मीपूजन ठरवून मोकळे होतो.

आता मूर्तीकडेच पाहू, कारण ती स्वतःही काही सांगते. तिच्या डोक्यापासून खाली सरळ एक भोक पाडलेलं आहे. पूजेच्या मूर्तीच्या डोक्यात असं भोक कोण पाडेल? ते काहीतरी जोडण्यासाठी आहे. ती आरशाची मूठ असावी असं काहींनी म्हटलं. एखाद्या छोट्या तिपाईचा पाय असावा, तशाच आणखी दोघी तिच्या जोडीला असाव्यात, असंही सुचवलं गेलं आहे. ती चारी बाजूंनी कोरलेली आहे, पाठीवरची वेणीसुद्धा. म्हणजे ती सगळीकडून दिसावी अशी अपेक्षा होती, कोनाड्यात भिंतीला पाठ लावून बसवण्यासाठी ती घडलेली नाही. आणि हस्तिदंती पायांची मेजं ही त्या काळच्या रोममध्ये श्रीमंतीची सगळ्यात ठसठशीत खूण होती. साधेपणाचे पाठ देणाऱ्या तत्त्वज्ञ सेनेकाकडे हस्तिदंती पायांची, एकसारखी पाचशे मेजं होती, असा ठपका इतिहासकार डिओ कॅसिअसनं ठेवला आहे. पाचशे हा आकडा अतिशयोक्तीचा असेलही. पण कुणाला टोमणा मारायचा तर कशावरून मारायचा, हे त्यावरून कळतं.

मग त्या घरातल्या माणसानं तिच्याकडे पाहून काय म्हटलं असेल? माझा अंदाज सांगतो, अंदाज म्हणूनच. त्यानं ‘व्हीनस’ म्हटलं असेल. पॉम्पेईची नगरदेवताच व्हीनस. रोमन सेनापती सुल्लाच्या काळात, इसवी सनापूर्वी ८० मध्ये शहराला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला तेव्हा त्याच्या अधिकृत नावात व्हीनस आली. मूर्ती सापडली त्याच रस्त्यावर पुढे गेलं की ‘शिंपल्यातल्या व्हीनसचं घर’ लागतं. बागेच्या भिंतीवर ती शिंपल्यात पहुडली आहे, उघडी, पण गळ्यात, हातात, पायात सोन्याचे दागिने, आणि दोन बाजूंना दोन छोटे क्युपिड. दागिन्यांनी मढलेली उघडी स्त्री आणि बाजूला दोन लहान आकृती! ज्याच्या डोळ्यांना ही प्रतिमा रोजची होती, त्याला भारतातून आलेली हस्तिदंती बाई परकी वाटली नसेल. त्यानं तिला आपल्या नजरेनं ओळखलं असेल. तिच्या मूळ नावाची चौकशी करायची त्याला गरज पडली असेल असं मला वाटत नाही.

यात आपल्याला अपमान वाटण्याचं कारण नाही, कारण आपणही नेमकं हेच केलं आहे. घरातली जुनी पुतळ्यांची माळ आठवा. आजी-पणजीच्या गळ्यातली, लग्नात काढायची, मुलीला द्यायची ती माळ. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना मराठीत पुतळी म्हणत. त्या नाण्यांवरून ही माळ आली. त्या मूळ नाण्याच्या एका अंगाला संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला सत्ताप्रमुख, आहे, दुसऱ्या अंगाला ताऱ्यांच्या घेरात उभा येशू. आपल्या बायकांनी त्या सोन्याच्या चकतीवर उभी आकृती पाहिली, तिला पुतळी म्हटलं आणि गळ्यात घातलं. म्हणून पेशवाईतल्या सुवासिनी येशूची उपासना करत होत्या असं व्हेनिसमधल्या कुणी उद्या लिहिलं, तर आपण काय उत्तर देऊ? सोनं खरं होतं, आकृती देखणी होती, माळ शोभत होती, असंच ना? मग तेच उत्तर पॉम्पेईच्या घरमालकाला द्यायची परवानगी आपण का नाकारतो?

पुतळीच्याही फार आधी, सातवाहनकाळात, हाच खेळ दख्खनमध्ये चालू होता. तेर आणि अशा काही ठिकाणी रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत. दोऱ्यात ओवून घालायची लटकनं. कुणा बाईनं रोमन सम्राटाचं डोकं गळ्यात मिरवलं, कारण ते दुरून आलेल्या नाण्यासारखं दिसत होतं. आणि कोल्हापूर! पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी, अत्यंत सुरेख मूर्ती आहे. ती कोल्हापूरच्या संग्रहालयात आपण अभिमानानं ठेवली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी करवीरात पोसायडनची पूजा होत होती असं आपण म्हणत नाही. शहाण्यासारखं म्हणतो, की कुणा श्रीमंत कोल्हापूरकराकडे भूमध्य समुद्रापलीकडून आलेली एक दुर्मीळ वस्तू होती. कोल्हापूरला एक नियम आणि पॉम्पेईला दुसरा, असं कसं चालेल?

वस्तूचा अर्थ तिच्या अंगावर कोरलेला नसतो, ती जिथं ठेवली जाते तिथं ठरतो, हे वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर उभं राहिलं की पटतं. तिथली घंटा पोर्तुगीज चर्चची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा अशा घंटा आल्या आणि देवळादेवळांत टांगल्या गेल्या. त्या घंटा तिथं वाजल्या, आरतीला वाजल्या. इथं तर वस्तू थेट पूजेत आहे, तरी ती ज्या धर्मासाठी ओतली त्या धर्माची पूजा तिथं होत नाही. पॉम्पेईच्या मूर्तीबाबत तर पूजेचाच पत्ता नाही.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही माझा तितकाच विरोध आहे. ‘ही तर उघडी बाई, देवी कसली’ म्हणणाऱ्यांच्या मनात नग्नतेबद्दलची जी शिसारी आहे ती त्या मूर्तीच्या काळातली नाही, ना इथली ना तिथली. नेपल्सच्या संग्रहालयात एक ‘गुप्त कक्ष’ आहे. १८१९ साली नेपल्सचा भावी राजा फ्रान्चेस्को बायको-मुलीला घेऊन संग्रहालय पाहायला आला, पॉम्पेईतल्या उघड्या चित्रांनी आणि मूर्तींनी तो ओशाळला आणि त्यानं त्या वस्तू कुलपात घालायला लावल्या. मधले थोडे काळ सोडले तर तो कक्ष सर्वांसाठी खऱ्या अर्थानं २००० सालीच खुला झाला. वेट्टींच्या दारातला प्रियापससुद्धा वर्षानुवर्षं झडप लावून ठेवला होता. वाईट नजर लागू नये, घरात भरभराट राहावी, म्हणून जो उंबऱ्याशी रंगवला, तोच झाकून ठेवण्याची वस्तू झाला. आपली हस्तिदंती बाईसुद्धा त्याच गुप्त कक्षात ठेवली गेली, कामुक चित्रांच्या सोबतीला. सांचीच्या तोरणावर झाडाची फांदी धरून उभ्या असलेल्या स्त्रीकडे तिथं येणारा भिक्षू ज्या डोळ्यांनी पाहत होता, त्या डोळ्यांना तिचं उघडेपण म्हणजे भरलेपण होतं, शुभ होतं. संग्रहालयवाल्यांनी आपल्या हस्तिदंती बाईला कामुक ठरवलं, आपण देवी ठरवतो. दोघांनीही तिला घरातून बाहेर काढूनच हे केलं.

आणि मग ती मागणी : परत द्या. लुटून नेलेल्या वस्तू परत मागण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. देवळातून चोरलेल्या मूर्ती परदेशी संग्रहालयांतून परत येतात तेव्हा मलाही भरून येतं. पण ही बाई कुणी लुटली नव्हती. ती विकली गेली होती, बहुधा चांगल्या किमतीला. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा खलाशांचा मार्गदर्शक ग्रंथ भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात हस्तिदंत मोजतो. त्याच ग्रंथात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपलं तेर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर असल्याचं लिहिलं आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी कळवळून लिहितो की भारत दरवर्षी साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्सेस ओढून घेतो आणि माल शंभरपट किमतीला विकला जातो. तोच प्लिनी ७९ च्या उद्रेकात, पॉम्पेईजवळच्या किनाऱ्यावर मेला. विकलेला माल परत मागायचा, तर ते पाच कोटीही परत करावे लागतील, आणि कोल्हापूरचा पोसायडनही.

मी मात्र या मूर्तीत एक वेगळा हक्क सांगतो, आणि तो लक्ष्मीच्या हक्कापेक्षा मोठा आहे असं मला वाटतं. जालना जिल्ह्यात केळना नदीकाठी भोकरदन आहे, जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव येतं. १९७० च्या दशकात तिथं उत्खनन झालं आणि एक भंगलेली हस्तिदंती स्त्री मिळाली, तिच्याही बाजूला दासी. पॉम्पेईच्या मूर्तीशी तिचं साम्य इतकं आहे की ती पॉम्पेईवाली इथंच, किंवा इथल्या परंपरेत घडली असावी असं अनेक अभ्यासकांनी मांडलं. तेरलाही त्याच घराण्यातली हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या कारागिराच्या हातची वस्तू व्हेसुव्हियसच्या सावलीतल्या घरात सजावट म्हणून पोचली असण्याची खरीखुरी शक्यता आहे. तरीही ते छायाचित्र पुढे पाठवणाऱ्या किती जणांनी भोकरदनचं टेकाड पाहिलं आहे? किती जणांना तेरचं संग्रहालय माहीत आहे? ‘रोमन लोक आमच्या देवीपुढे झुकले’ हे ऐकायला गोड लागतं. ‘आमच्या सुताराच्या, दंतकाराच्या हातातली कारागिरी रोमला विकत घ्यावी लागली’ हे का लागत नाही? सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी अभिमानानं कोरलं आहे की हे कोरीवकाम आम्ही केलं. हस्तिदंत कोरणाऱ्यांचा इतका मान ज्या काळात होता, त्या काळाचे वारस आपण. कारागीर पुसून देवी उभी करणं ही त्यांची कदर आहे का?

इथं मला एक गोष्ट स्वतःच्या बाजूच्या विरोधात सांगितली पाहिजे, नाही तर मीही त्याच घाईत सापडेन. ती भोकरदनची आहेच असंही ठाम म्हणता येत नाही. तिच्या पायथ्याशी एक अक्षर आहे, खरोष्ठी लिपीतलं, ‘शि’ असं वाचलं जातं. खरोष्ठी ही वायव्येची लिपी, गांधाराकडची. अफगाणिस्तानातल्या बेग्राममध्ये १९३० च्या दशकात जो हस्तिदंती वस्तूंचा मोठा साठा मिळाला, त्यातल्या फळ्यांवर आणि पायांवरही जोडणीच्या अशा खुणा आहेत. म्हणजे ती कदाचित दख्खनच्या बाईला पाहून वायव्येत कोरली गेली असेल. कदाचित दख्खनमध्ये कोरून वायव्येच्या वाटेनं गेली असेल आणि तिथं सामानाला जोडली गेली असेल. कदाचित कारागीरच एका गावाहून दुसऱ्या गावी गेला असेल. दख्खन, गांधार, भडोच, इजिप्त, इटली असा सगळा पट त्या वीतभर हस्तिदंतात गुंतला आहे. भोकरदनच्या अभिमानापोटी मी ते अक्षर लपवलं, तर लक्ष्मीच्या अभिमानापोटी घर लपवणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

कुणी म्हणेल, ‘शि’ म्हणजे ‘श्री’च असेल. असं कुणी म्हटलंच, तर बेग्रामच्या त्या फळ्या आणि पाय त्याच्यापुढे ठेवावेत. त्यांच्यावरची अक्षरं कुठला भाग कुठं बसवायचा हे जोडणाऱ्याला कळावं म्हणून घातलेली आहेत. हिच्या पायाशी असलेलं अक्षरही मी तसंच वाचतो : कोरणाऱ्यानं पुढच्या माणसासाठी करून ठेवलेली खूण. ‘शि’ खुणेचा पाय ‘शि’ खुणेच्या भोकात. तिच्याबरोबरच्या आणखी दोघी, असल्याच तर, त्यांच्या पायाशी कुठली अक्षरं होती कुणास ठाऊक. पॉम्पेईचा अजून एक तृतीयांश भाग राखेखाली आहे.